शर्टाची सहा काजं

मुलांनो, डोळे मिटा आणि एक शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. मशीनमागे नाकावर चष्मा घसरलेले आजोबा, शेजारी स्टुलावर त्यांची नऊ वर्षांची नात, बिट्टी. हातानं काजं करायला तिला आजोबांनीच शिकवलेलं. टाके अगदी सुबक; शेवटची गाठ मात्र ती नेहमी उलटी, डावीकडून मारायची.

"फिरली बघ गाठ!" आजोबा हसायचे. "असू दे. तुझी सही आहे ती."

मग आजोबांच्या प्रोस्टेट ग्रंथीत कॅन्सर निघाला. सर्जनबाईंनी कागदावर दोन पोटं काढली.

"ही खुली शस्त्रक्रिया. बेंबीखाली एकच लांब छेद, त्यातून माझे हात आत. ही दुसरी रोबोटची. सहा लहान छिद्रं, यंत्राचे हात मी बाजूला बसून चालवते. रक्त कमी जातं, घरी लवकर जाता."

"आणि कॅन्सर कशानं नीट निघतो?"

"दोन्हींनी जवळपास सारखाच. लघवीवर ताबा यायलाही दोन्हींत वेळ लागतो. यंत्रापेक्षा ते चालवणारा हात महत्त्वाचा, आजोबा."

"आमच्या धंद्यातही तेच की! मग सहा भोकंच पाडा. शर्टाला तेवढीच काजं असतात."

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांनी बिट्टीच्या हातात शर्टाची बटणपट्टी ठेवली. "रडत बसायचं नाही. मी येईपर्यंत सहा काजं करून ठेव."

बाहेरच्या बाकावर बसून तिनं ती केली. सहाव्याची गाठ मारली, तेवढ्यात दार उघडलं.

"सगळं छान झालं," सर्जनबाई म्हणाल्या. मग स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. "गंमत म्हणजे, वरचे टाके घालताना सहाही गाठी डावीकडून पडल्या. वीस वर्षांत असं झालं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा डुलकी घेत होते. ते उठायच्या आत पट्टीवरची निदान एक तरी गाठ सुलटी करावी, म्हणून बिट्टीनं छोटी कात्री काढली. तिसऱ्या काजाची गाठ कापली.

"आई गं!"

आजोबांचा हात पोटावर गेला होता. तिसऱ्या छिद्रावरच्या ड्रेसिंगवर लाल ठिपका उमटला.

ठिपका वाढू लागला.

बिट्टीनं कात्री खाली ठेवली. सुईत दोरा ओवला. गाठ पुन्हा मारली, डावीकडून.

ठिपका थांबला. आजोबांनी सुस्कारा सोडला आणि कूस न बदलता झोपले.

मग तिनं पट्टीची घडी घातली, फ्रॉकच्या खिशात ठेवली, आणि खिशाचं तोंड शिवून टाकलं.