पल्याडचा धाकलू

पौडकडं निघालेल्या लॉरीनं भोंगा दिला आणि कमळच्या म्हशी बिथरल्या. बघता बघता चांदी म्हैस मुळशी धरणाच्या पाण्यात शिरली, तिच्यामागं सगळा कळप. कमळ काठावर हताश उभी राहिली. तिला पोहता येत नव्हतं.

म्हशी पल्याड लागल्या, तसा तिकडच्या धनगरवाड्यातला एक तरणाबांड गडी धावत आला. तो ओरडला नाही, काठी उगारली नाही. चांदीच्या मानेवरून हात फिरवला, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, आणि पाठीवर बसून तिला परत पाण्यात घातलं. बाकीच्या निमूट मागं आल्या. काळ्याभोर पाठींमधे तो असा ताठ बसला होता, की कमळ बघतच राहिली.

"बघून घे, समद्या हायेत का," तो उतरत म्हणाला.

"येखादी ठिवून घेतली आसशील तर?"

"ठिवून घ्यावी आसं वाटलं व्हतं..." तो हसला, "पन ती ह्याच काठाला व्हती."

कमळनं मान फिरवली. कान मात्र तापले.

त्याचं नाव धाकलू. त्या दिवसापासून त्याच्या म्हशींना अल्याडचंच गवत गोड लागू लागलं. अडलेली म्हैस त्याच्या हाताखाली शांत व्हायची. आडदांड रेडाही त्याच्या एका हाकेला थांबायचा. कमळ हे सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची.

दिवाळी सरली आणि एक दिवस ती रडवेली आली.

"बा म्हशी इकतोय. त्याचं गुडघं गेलं... घरात पोरगा न्हाई. पुन्याला आत्याकडं ऱ्हायाचं म्हनतोय."

"तुला जायाचंय?"

"रान सोडून? न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकलू तिच्या बापाच्या, कोंडीबाच्या, अंगणात उभा होता.

"पोर मागाया आलास व्हय?" कोंडीबा म्हणाला. "दिली आसती. पन ती पल्याड गेल्यावर माज्या म्हशी कोन राखंल?"

"ती कशाला जाती? मीच हिकडं येतो, म्हशी इकू नगा."

"घरजावई? लोक हसतील तुला."

"हसू द्या. मला रोज हिच्यासंगं रानात जायाला मिळंल."

गोठ्यातली धार थांबली होती. कोंडीबानं तिकडं बघितलं. "कमळे, तुजं काय म्हननं?"

कमळनं मान वर केली नाही.

"बा," ती हळूच म्हणाली, "त्याला बसाया घोंगडी टाक."