ताणलेलं कापड

कोनाडू त्या सकाळी साल आणायला गेली होती, एवढंच. कापडावर ठसे मारायचा काळा रंग झाडाच्या सालीतून निघतो. साल भिजवायची, कांडायची, दिवसभर उकळायची, तेव्हा कुठे ठशाला धरेल असा रंग होतो. पोतं डोक्यावर घेऊन ती अंगणात शिरली, तर तिचे बाबा ताणलेल्या कापडावर आडवे पडलेले. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात अंगाखाली, आणि एक डोळा तिच्याकडे टक लावून बघतोय. शेजारच्या कोंबड्या खुशाल दाणे टिपत होत्या.

बाबांचं, अमांक्वा कारागिराचं, नाव काढलं की पंचक्रोशीत माणसं उठून उभी राहत. भोपळ्याच्या कवचातून ठसा कोरावा तर त्यांनीच. पण झटक्याला कारागिरीचं काय कौतुक? कुमासी शहरातल्या दवाखान्यात सांगितलं, उजवी बाजू गेली आहे, वाचाही गेली आहे. पण दर आठवड्याला व्यायामाला आणलंत तर हात वळेल, शब्दही फुटतील कदाचित. त्या 'कदाचित'ला कोनाडूनं घट्ट धरून ठेवलं. दुसरं होतं काय धरायला?

तेवढ्यात आलं कूळ.

आता आशांती लोकांत कूळ चालतं आईकडून. म्हणजे बाप लेकीचा, पण लेक बापाच्या कुळाची नाही. बापाचं कूळ म्हणजे त्याची बहीण, त्याचे मामा, त्याचे भाचे. जी पोरगी बापाचं गू-मूत काढते ती परकी, आणि हॅम्बुर्गला बसलेला भाचा वारस. कोनाडूला हे जन्मापासून ठाऊक होतं, पण कधी टोचलं नव्हतं. आता टोचलं, आणि चांगलं खोल टोचलं.

कुळाचे वडीलधारे ओपानिन सारपाँग बाबांच्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसले. सोबत अब्राफी आत्या, बाबांची सख्खी बहीण.

"ओसेईला रजा मिळाली आहे ती फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारापुरती," ओपानिन म्हणाले. ओसेई म्हणजे आत्याचा मुलगा, हॅम्बुर्गचा वारस. "तिकिटं काढलीत त्यानं. बायको-पोरंही येणार."

"बाबांना भेटायला?" कोनाडूनं विचारलं.

आत्या पदराशी खेळत राहिली.

"आत्या, मी विचारतेय, भेटायला येतोय ना ओसेई?"

"पोरी, असा झटका आलेला माणूस किती दिवस काढतो, आम्ही काय बघितलं नाही का? मयताचा मांडव आत्ताच नाही सांगितला तर त्या शनिवारी मिळायचा नाही. भोंगे, खुर्च्या, गाणारे..."

"आणि दवाखान्यात न्यायला गाडी? ती कोण सांगणार?"

"गाडी परवडत नाही गं सारखी सारखी," ओपानिन म्हणाले.

कोनाडूच्या डोक्यात सणक गेली. "वा! औषधाला हात आखडता आणि मांडवाला सैल! म्हणजे माझ्या बापानं आता शनिवार गाठायचा, नाहीतर ओसेईचं विमान चुकेल!"

"जीभ आवर. तू मुलगी असशील, पण आमच्या कुळाची नाहीस. हे कुळाचं बोलणं आहे."

कुळाला माणूस नको असतो, मढं हवं असतं, अशी तिथलीच एक जुनी म्हण आहे. लोक ती हसत हसत म्हणतात. कोनाडूनं ती त्या दिवशी न हसता म्हटली आणि उठून आत गेली. बाबा जागेच होते. झटक्यानं वाचा जाते, कान जात नाहीत. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. ओपानिननं दोन माणसं सोबत आणली आणि शोकाचं कापड, मयताला कुळातले सगळे अंगावर घेतात ते गडद तांबूस, बाबांच्याच अंगणात, बाबांच्याच ठसे मारायच्या पाटावर खुंट्या ठोकून ताणून ठेवलं.

"ठसे मारून ठेव, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. तुझ्या हातातलंच काम आहे," ओपानिन म्हणाले.

"जिवंत माणसाच्या शोकाचं कापड, त्याच्याच अंगणात, त्याच्याच लेकीनं? लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला? मी ठशाला हातही लावणार नाही."

"नको लावूस. दुसरा कारागीर बघतो मी," म्हणून ते निघून गेले. कापड तसंच ताणलेलं राहिलं.

बाबांचा एक नेम होता, आणि या नेमापायी कोनाडूच्या आईनं आयुष्यभर थंड जेवण वाढलं. ताणलेलं कापड अर्धं सोडून बाबा कधी उठत नसत. "ताणलेलं कापड वाट बघतं गं," म्हणायचे. "हाका मारतं." आई म्हणायची, "मलाही एकदा ताणून ठेवा पाटावर, म्हणजे माझ्याकडेही बघाल!" आणि दोघं हसायचे.

दुपार होती. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की तिथं आठवडेच्या आठवडे धूळ हवेत तरंगत राहते. सूर्य असतो, पण पांढुरका, आजारी. कोनाडूनं बाबांना चमच्या-चमच्यानं मक्याची पेज भरवली. तिची छोटी लेक अडोमा शाळेत गेली होती. नवरा ट्रक घेऊन उत्तरेला. घरात चिटपाखरू नव्हतं. बाबांचा डोळा लागला, आणि तिचाही भिंतीला टेकून लागला असावा.

थप्...

मग थोडा वेळ काही नाही. ठसा रंगात बुडवायला, झटकायला लागतो तेवढा वेळ.

थप्...

उकळत्या सालीचा वास आला, तुरट, लोखंडी. चूल तर कालपासून थंड होती. कोनाडू उठली. कुणी दुसऱ्या कारागिराला घातलं वाटतं अंगणात, न विचारता! ती तणतणत बाहेर आली आणि तिथंच थबकली.

अंगणात कुणी नव्हतं. कापडाच्या एका टोकाला ठशांच्या ओळी उमटल्या होत्या, ओल्या, चकाकणाऱ्या. भोवती धुळीचा मऊ थर, आणि त्यावर कोंबडीच्या पायांखेरीज एक ठसा नाही पावलाचा. ती वाकली. तीन वेटोळी आणि मध्ये एक बी.

ही खूण बाबांनी नव्यानं कोरली होती, अडोमाच्या वाढदिवसाच्या पांढऱ्या कापडासाठी. झटका आला त्याच्या आदल्या दिवशी पुरी झाली होती. ती अजून कशावरच उमटलेली नव्हती. कोनाडूनं ठशांची पेटी उघडली, फडकं सोडलं. ठसा होता तिथंच होता, कोरडा, फिकट, रंगाचा थेंब न लागलेला.

ती बाबांच्या खोलीत गेली. बाबा निजलेले होते तसेच होते. पांघरुणाबाहेर लोंबणारा त्यांचा उजवा हात, तो मेलेला हात, पेरांपर्यंत काळा झाला होता. तिनं बोट लावलं. रंग ओला होता.

"बाबा... तुम्ही उठला होता?"

एकच डोळा उघडला. तिनं हात उचलला आणि सोडला. तो ओंडक्यासारखा गादीवर पडला.

मग रोज दुपारी तेच. थप्... थांबणं... थप्. आणि ओळ पुढे सरकली की बाबांचं काहीतरी मागे पडे. आधी पेज गिळेनाशी झाली. मग चांगल्या हाताची पकड गेली. श्वास बारीक होत चालला. कोनाडूला हळूहळू उमगलं, आणि उमगल्यावर तिच्या तोंडून शिवीच निघाली. मेल्यांनी बापापुढे त्याच्याच मरणाचं काम ताणून ठेवलं होतं, आणि बाप ते नेमानं करत होता. काम संपलं की कारागीरही संपणार.

तिनं तिरमिरीत खुंट्या उपटल्या. कापड गोळा होतंय न होतंय तोच आतून घरघर ऐकू आली. बाबांची छाती वर उचलली जात होती, ओठ निळे पडले होते. अर्धं काम तोडलं की त्यांचा जीवच तोडला जात होता. तिनं घाईघाईनं कापड पुन्हा ताणलं, तेव्हा कुठे त्यांना श्वास लागला.

संपू द्यायचं नाही आणि काढायचंही नाही. मग करायचं काय?

कोनाडू सुई-दोरा घेऊन बसली. कापडाच्या मोकळ्या टोकाला तिनं आधी चादर शिवली. चादर भरत आली तशी स्वतःची नेसायची कापडं रंगात बुडवून जोडली. ती भरत आली तसं आईचं कापड काढलं, आई वारल्यापासून पेटीत जपून ठेवलेलं. बाबा ठसे मारत राहिले, ती कापड वाढवत राहिली. दिसत कुणी नव्हतं, पण दुपारी त्या अंगणात बापलेक कामाला बसलेले असत. भीती वाटायची तेवढीच चीडही यायची. बाप मरायला टेकलाय, आणि लेकीला शिवणाचे टाके मोजायला लावले या कुळानं! बाबांचं मात्र आता आणखी काही जात नव्हतं. ते तिथंच अडून राहिले होते.

शनिवार उजाडला. सकाळीच भोंगे लागले. मांडव पडला, खुर्च्या आल्या, आणि काळा चष्मा लावून ओसेई उतरला, गावाबाहेरच्या हमरस्त्यावरच्या लॉजवर सामान टाकून थेट इकडे. जिवंत माणसाच्या दारात मांडव! ओपानिन आत डोकावले, बाहेर आले.

"अजून आहे," ते म्हणाले. पाहुणा जायचं नाव घेत नाही, असा तो सूर होता.

मग त्यांची नजर कापडावर गेली. "अगं! नाही नाही म्हणत केलंस की! आणि केवढं लांब! पुरेल सगळ्यांना."

"मी नाही केलं."

"मग कुणी केलं?"

"ज्याच्यासाठी ताणलंत त्यानंच."

आत्या खो-खो हसली. "पोरीचं डोकं फिरलंय जागरणांनी."

"मला परवा परत निघायचंय," ओसेई घड्याळ बघत म्हणाला. "कापून तरी ठेवू. शिंप्याला दिवस लागेल ना?"

"कात्री लावू नका!" कोनाडू कापडापुढे आडवी उभी राहिली. "माणूस जायच्या आधी हे कापड अंगावर चढलं तर कुणाला ना कुणाला जावं लागतं. तुम्हीच सांगत होता ना ओपानिन, आम्ही लहान असताना?"

"ती म्हाताऱ्यांची बडबड. आणि अंगावर कोण घालतंय? मापापुरतं फक्त."

कुळातल्या दोघांनी तिचे दंड धरले. कात्री चालली, करकर करकर. प्रत्येक करकरीला तिचे कान खोलीकडे होते. घरघर येईल... आता येईल... काहीच आलं नाही. इकडे आत्यानं तुकडा खांद्यावरून घेतला, कमरेला लपेटला, वळून वळून बघितलं. "शोभतंय की नाही?" ओपानिननं घेतला. ओसेईनं घेतला आणि मोबाइलवर सगळ्यांचा फोटो काढला. मापापुरतं म्हणे! मिरवत होते सगळे.

आईच्या कापडाचा भाग ओसेईच्या बायकोच्या हातात होता. कोनाडूनं दंड सोडवले. "तो माझ्या आईचा आहे. तो तरी मला द्या."

"कापड कुळाचं," ओपानिन म्हणाले. "तू कुळाची नाहीस. तुला तुकडा नाही."

त्यावर कोनाडू जे बोलली ते इथं सांगण्यासारखं नाही. मंडळी जेवायला पांगली, आणि ती भोंग्यांच्या कलकलाटात आत शिरली, बाप गेलेला बघायची तयारी करून.

बाबा तिच्याकडे बघत होते. दोन्ही डोळ्यांनी.

"को...नाडू."

ती त्यांच्या उशाशी धावली. "बाबा! बाबा, बोललात तुम्ही!"

"तुकडा..." जीभ जड होती, शब्द ओढून काढावा लागत होता. "तुला... दिला?"

"नाही दिला!" आणि तिला हुंदकाच फुटला, संतापाचा. "आईचं कापड होतं त्यात बाबा, तेही नाही दिलं. म्हणाले तू कुळाची नाहीस."

"बरं... झालं."

त्यांनी तिचा हात धरला. उजव्या हातानं धरला. तो स्वच्छ होता, कोमट होता.

"बाकी... सगळ्यांनी घेतला?"

"सगळ्यांनी."

"अंगावर?"

"हो... का, बाबा?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते. ते रडत होते की हसत होते, त्या वाकड्या तोंडावरून तिला काही केल्या कळेना. आत्या आठवली, लहानपणी मांडीवर बसवून वेण्या घालणारी. पळत जावं, सांगावं, ते फेकून दे म्हणावं. ती उठली. दारापर्यंत गेली. तुला तुकडा नाही, हे शब्द अजून कानात तापलेले होते. ती चौकटीला धरून तशीच उभी राहिली.

वीज गेली, भोंगे बंद पडले, आणि गावावर दुपार उतरली. आत्याच्या घराकडून आवाज आला. थप्... थांबणं... थप्. पाहुण्यांसाठी फुफू कांडत असतील, कोनाडूनं स्वतःला सांगितलं, कंद उखळात घालून. मग ओपानिनच्या घराकडूनही आला. तिथंही कांडत असतील, आज प्रत्येक घरी पाहुणे. मग तसाच, त्याच ठेक्यात, हमरस्त्यावरच्या लॉजकडून आला. लॉजमध्ये उखळ नव्हतं.