रहिवासी : दोन

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं.

तपासणीला आलेल्या बाईने रत्ना मावशीच्या फॉर्मवर लिहिलं : घरात राहणारे, दोन.

मावशी एकटी राहते.

हे घडलेलं आहे. तारखा कागदांवरून घेतल्या आहेत. मावशीने सांगितलेलं आणि मी स्वतः ऐकलेलं वेगळं ठेवलं आहे. शहराचं नाव मात्र देणार नाही. अमेरिकेतल्या डब्लिनपासून तासाभरावर आहे, एवढं पुरे. मावशीचं घर जायला नको.

ही बिल्डिंग टॅक्स क्रेडिटची. म्हणजे बिल्डरला सरकार करात सवलत देतं आणि त्याने कमी उत्पन्नवाल्यांना कमी भाड्यात घरं द्यायची. शहर वाढतंय, त्यामुळे यादी लांब. मावशीचा नंबर चार वर्षांनी लागला. नियम कडक आहेत. घरात जो राहतो त्याचं नाव फाईलमध्ये हवं. न कळवता कोणाला ठेवलं तर घर जातं.

बिल्डिंग नवी आहे. मावशीच्या आधी त्या घरात कोणी राहिलेलं नाही. बांधकामात कोणाला काही झालं नाही. आधी तिथे मक्याचं शेत होतं. मी बातमीदार आहे, हे सगळं रेकॉर्ड काढून पाहिलंय.

त्या दिवशी तपासणीवाल्या बाईने स्मोक अलार्म वाजवून पाहिला. मग बाथरूमकडे गेली आणि लगेच परत आली.

"सॉरी. आत कोणीतरी आहे. मी थांबते."

मावशीने जाऊन पाहिलं, तर...

दार उघडं. दिवा बंद. फरशी कोरडी.

बाई म्हणाली, दार आतून लॉक होतं आणि नळ चालू होता. तिने तसंच लिहिलं.

नोटीस आल्यावर आम्ही मॅनेजरकडे गेलो. त्याचं नाव अनिश. इथेच जन्मलेला, मराठी येत नाही, म्हणून बोलणं इंग्रजीतच.

"आंटी, फक्त इन्स्पेक्टर नाही. शेजारच्या लेडीनेही सांगितलंय. तुम्ही रोज सकाळी निघताना दारात काहीतरी बोलता, आणि आतून कोणीतरी उत्तर देतं. 'येस'ऐवजी म्हणतो ना आपण, तसं. 'येऽ.'"

मला हसू आलं. "अरे, ती 'येते हं' म्हणते. निघताना 'जाते' म्हणत नाहीत आमच्यात. सवय आहे. रिकाम्या घरालाही सांगते."

अनिशही हसला.

मग मी थांबलो.

'येते' म्हटल्यावर घरातलं माणूस काय म्हणतं?

'ये.'

मावशी पर्समध्ये चष्मा शोधत होती. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.

गुरुवार, ३० ऑक्टोबर. सकाळचे नऊ पंचवीस.

मी सगळं घर पाहिलं. एक बेडरूम, एक बाथरूम, दोन कपाटं. तिसरा मजला, बाल्कनी नाही. फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि आम्ही दोघं दाराशी आलो.

"येते हं," मावशी म्हणाली.

काही नाही.

"बघ," मी म्हणालो, "कोणीही नाही."

"शंतनू, तू अजून उंबऱ्यात उभा आहेस. बाहेर ये. दार ओढ."

मी दार ओढलं. तिने किल्ली फिरवली.

फ्रिजची घरघर बंद झाली...

आणि आतून आवाज आला.

"ये."

बाईचा आवाज. वयस्कर. धमकी नाही, माया नाही. दिवसभर राबून नुकतं आडवं झालेलं माणूस डोळे न उघडता बोलतं, तसा.

मी किल्ली हिसकावून दार उघडलं. कोणी नव्हतं. रेकॉर्डिंग एक्केचाळीस सेकंदांचं आहे. त्यात किल्लीचा आवाज येतो. पुढे काही नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलून कुठे जाऊ? तुझ्या बेसमेंटमध्ये, तुझ्या बायकोच्या ट्रेडमिलशेजारी?" ती सोफ्यावर बसली. "चार वर्षं कागद भरले रे. आता कंटाळा आला. ती काही करत नाही. मीही काही विचारत नाही."

अनिशने मार्ग सांगितला होता. 'मी एकटी राहते' अशा प्रतिज्ञापत्रावर सही करायची, फाईल बंद. मी तिला म्हणालो, डोळे मिटून सही कर.

"खोटं निघालं तर शिक्षा, असं खालीच छापलंय," ती म्हणाली. नागपूरला तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढलेली बाई. "राहायला येण्याआधी सही केली तेव्हा ते खरं होतं."

"मावशी, घर जाईल."

"ठाऊक आहे."

सहीची मुदत ७ नोव्हेंबरला संपली. अनिशने दोन आठवडे वाढवून दिले.

आज १८ नोव्हेंबर. दुपारी मावशीकडे जाऊन आलो. प्रतिज्ञापत्र कोरं आहे. त्याच्या शेजारी तिने ऑफिसातून मागून आणलेला दुसरा फॉर्म आहे, घरात नवीन व्यक्तीची नोंद करायचा. नाव रिकामं. जन्मतारीख रिकामी.

'तुमच्याशी नातं' या रकान्यात तिने पेन्सिलीने एक शब्द लिहून खोडला आहे. मी कागद उजेडात धरून पाहिला. वाचता आला नाही.