मधली चित्रं

माझ्या हातातलं सँडविच आयबिसनं पळवलं, त्या दुपारी रोरी मला पहिल्यांदा भेटला. या लांब चोचीच्या पक्ष्याला शिव्या द्यायचं सिडनीत कुणी बाकी ठेवलेलं नाही. तरी मी बागेतल्या बाकावर चढून ग्रीकमधल्या दोन नव्या दिल्या.

शेजारच्या बाकावरचा माणूस मदतीला आला नाही. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत म्हणाला, "पुन्हा कर ना."

"काय?"

"तो चेहरा. आधी भुवया वर गेल्या, मग तोंड उघडलं. मी नेहमी उलटं काढतो."

एखादी शहाणी असती तर तिथेच सावध झाली असती. मी लाजले...

तो निघाला आमच्याच स्टुडिओतला, वरच्या मजल्यावर नव्यानं आलेला. कार्टूनपटातली मुख्य चित्रं काढणारा. हालचालीचं पहिलं चित्र त्याचं, शेवटचं त्याचं. मधली सगळी आम्हा खालच्या मजल्यावरच्या बायकांची. खालून उजेड असलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवायचा, त्याच्या दोन रेघांच्या मधली रेघ ओढायची, मग गठ्ठा बोटांत फडफडवून बघायचं — चालतंय, की लंगडतंय?

कागद पोचवायला ढकलगाडी होती. तरी रोरी स्वतः यायला लागला. आमची मुख्य, बेव्ह, चष्म्यावरून बघायची. "डेस्पिना राणी, तुझा पोस्टमन आला गं!"

"डेस, तू माझ्या चित्रांचे फार लाड करतेस," तो म्हणायचा.

"आईबापानं टाकलेली लेकरं ती. कुणीतरी नको का करायला?"

"मग त्यांच्या बापाचेही कर की थोडे."

"बापाला आधी पेन्सिलीला टोक करायला शिक म्हणावं."

तो हसायचा. मी मान खाली घालून रेघ ओढायची... आणि ती रेघ हमखास वाकडी जायची.

जॅकरँडाची जांभळी फुलं बुटांना चिकटायच्या दिवसांत त्याचं काम अडलं. सिनेमात टिली नावाची एक पॉसम होती, मांजराएवढं शेपटीवालं जनावर. आमच्या छपरांवर धुडगूस घालतात त्यांच्यातलीच, फक्त टोपी आणि ॲप्रन घातलेली. तिला कळतं, की आपला मित्र आता कधीच परत येणार नाही. "हसू तोंडावर तसंच राहतं," रोरी म्हणाला, "आणि डोळ्यांना कळतं. मला ते दिसतच नाहीये, डेस." आम्ही सगळेच टेबलावर आरसा ठेवून तोंडं वेडीवाकडी करतो. त्याच्या आरशात नुसत्याच त्याच्या तांबूस भुवया. मंगळवारपर्यंत जमलं नाही, तर तो प्रसंग दुसऱ्याकडे जाणार होता.

रविवारी आम्ही क्लोव्हेलीला समुद्रावर गेलो. भुरभुर पाऊस, कागदात व्हिनेगर मारलेले गरम चिप्स, त्याचा खांदा माझ्या खांद्याला. मी ठरवूनच आले होते — आज सांगायचं.

"रोरी, मला तुला एक..."

"आधी मी," तो म्हणाला. "मी होबार्टला परत चाललोय. तिथे... कुणीतरी आहे माझी. एप्रिलमध्ये लग्न."

मी अजून माझ्याच वाक्यासाठी हसत होते. त्यानं नजर वळवली नाही. मला वाटलं, निदान डोळ्याला डोळा देऊन सांगायची हिंमत तरी आहे याच्यात.

"छान," मी म्हणाले. हातानं चिप्सच्या कागदाला पीळ घातला. बसमध्ये बसल्यावर रडले.

मंगळवारी कागद ढकलगाडीतून आले. पोस्टमन नव्हता. मी गठ्ठा फडफडवला.

टोपीतली टिली. हसतेय. एका कोपऱ्यातून हसू घट्ट धरून ठेवतेय, आणि हात ॲप्रनच्या टोकाला पीळ घालताहेत... मिशा पॉसमच्या होत्या. बाकी सगळी मी होते.

तेवढ्यात रोरी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आला. "बघितलंस? जमलं, डेस!"

"जमलं."

"अगं, खरं नव्हतं काही! होबार्ट नाही, लग्न नाही, कुणी नाही. आरशात येतच नव्हतं गं ते... आणि तुझा चेहरा कसा सगळं बोलतो! तिथेच सांगणार होतो, पण विसरून जाईन म्हणून आधी घरी पळालो, काढायला."

बेव्हनं चष्मा काढला. "राणी, याला खिडकीतून टाकू की जिन्यावरून?"

रोरीला ऐकूच गेलं नाही. "आणि माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे मात्र खरं."

खरंच होतं ते. मला आजही शंका नाही. एवढं बोलून तो थांबला... आणि त्याची नजर आधी माझ्या भुवयांवर गेली, मग ओठांवर. त्याच्याही नकळत.

मी तोंडावरची एक रेघ हलू दिली नाही.

"डेस... काहीतरी बोल ना."

"संध्याकाळपर्यंत हवंय ना हे? मग मला काम करू दे."

 तो जिना चढून गेला, एकेक पायरी.

मी कोरा कागद घेतला. त्याला सुरुवात दिसली होती, शेवट दिसला होता. मधलं मलाच ठाऊक होतं — हसू आपलं राहिलेलं नसतं, तरी दुसऱ्याचा कोट अंगात घातल्यासारखे आपण त्यात उभे असतो, काढायचा कुठे ते कळत नाही म्हणून.

केसभर रेघ इकडे नाहीतर तिकडे, की चेहऱ्याचं लाकूड झालं असतं. दोष मुख्य चित्रांवर, म्हणजे रोरीवर गेला असता.

"बिघडव," बेव्ह माझ्या कानाशी म्हणाली. "पास म्हणून सही मी करते."

नाही बिघडवलं. त्या बिचाऱ्या टिलीनं माझं काय घोडं मारलं होतं?