पेटीतले कान

“वाजव!” समीक्षानं डोळ्यांनीच सांगितलं आणि शेजारच्या क्रांतीनं परातीवर उलथनं हाणलं. ठण्ण! अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. दिग्विजयच्या हातातला आंबा निसटला. पण पाठमोरा बसलेला चार वर्षांचा साईराज ढिम्म! आपला मातीत ट्रॅक्टर फिरवत राहिला.

“काल तर वळला होता!” दिग्विजय म्हणाला. “सांगलीहून आल्या आल्या! नुसतं कुत्रं भुंकलं, तरी!”

“मग आजच काय झालं?” समीक्षाचे डोळे बारीक झाले.

समीक्षा आणि दिग्विजय ही भावंडं साताऱ्याहून पलूसजवळच्या मामाच्या गावी सुट्टीला आली होती. साईराज मामाचा मुलगा. त्याला जन्मापासून कमी ऐकू यायचं, म्हणून दोन्ही कानांना यंत्रं. मामा फौजेत. पूजामामी दवाखान्यात नर्स. सकाळी सातला जायची ती दिवेलागण उलटल्यावर यायची. गुरुवारी तिला सुट्टी. त्या दिवशी ती साईराजला सांगलीला, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायची. तिथे तो चार-पाच शब्द बोलायचा. घरी मात्र एकही नाही! आणि आज सकाळीच आजोबांनी, म्हणजे सुभेदार लालासाहेब आबांनी, फर्मान काढलं होतं, “वरीस झालं, रिझल्ट झिरो! सांगली बंद. पोराच्या नशिबात बोलणं न्हाई.”

नशीब म्हणे! समीक्षाची कानशिलं तापली होती ती अजून निवली नव्हती.

“ती टोपी बघ,” क्रांती एकदम म्हणाली. “एवढ्या उन्हात कानटोपी?”

लोक यंत्रांकडे टक लावून बघतात, नजर लागते, म्हणून आबांची बहीण अंबूआजी साईराजला आंघोळीनंतर रोज टोपी बांधायची. समीक्षानं हळूच नाडी सोडली.

कान रिकामे!

“चोरी!” दिग्विजय किंचाळला.

“गप रं! चोर काय टोपी बांधून जातोय व्हय?” क्रांती म्हणाली.

तिघंही दबकत अंबूआजीच्या खोलीशी गेली. उद्यापासून देवळात हरिनाम सप्ताह बसणार होता, म्हणून आजी पेटीतून ठेवणीतलं लुगडं काढत होती. लुगड्याखाली नथ. नथीशेजारी स्टीलची डबी. आजीनं डबी उघडली, आतली दोन यंत्रं पदरानं पुसली आणि पुन्हा झाकण लावलं!

“आजी! हे काय?” समीक्षा थेट आत घुसली.

“आगं बया! केवढ्यानं वरडतीस!” आजी दचकली. “लय महागाची वस्तू हाय ती. पोरगं मातीत लोळतंय, घामानं बिघडली म्हंजे? गुरवारी सांगलीला जाताना देते की काढून.”

“आणि मामीला माहीत आहे?”

“ती येतीया तवा पोरगं पेंगलेलं असतंय. तिला वाटतंय, निजताना काढली आसंल.”

“म्हणजे आठवड्यात सहा दिवस त्याला काहीच ऐकू येत नाही!”

“खुणा कळत्यात की त्याला! पोरीबाळींनी मला शिकवू नये.”

“शिकवणार!” समीक्षाचा आवाज चढला. “देवाचं नाव कानावर पडावं म्हणून सगळं गाव सात दिवस मांडवात बसणार, आणि आपल्या लेकराचे कान पेटीत? तू एवढे अभंग न ऐकताच शिकलीस का गं?”

आजीचा हात जागीच थांबला. तिला अक्षरओळख नव्हती. पाठ होते ते शेकडो अभंग मांडवात बसून, ऐकून ऐकून आलेले. तिनं डबी समीक्षाच्या हातात दिली.

समीक्षा तडक आबांसमोर उभी राहिली. “आबा, सांगली बंद करायची नाही! काल्याच्या कीर्तनापर्यंत सात दिवस द्या.”

“आन् न्हाईच बोलला तर?”

“तरीही बंद नाही! चूक आपली, शिक्षा त्याला का?”

“फौजेत आसतीस तर कोर्ट मार्शल केलं आसतं तुजं!”

“आधी डबी बघा, मग करा!” दिग्विजय बहिणीच्या पाठीमागून म्हणाला.

आबांनी डबी पाहिली. बहिणीकडे पाहिलं. मिशी दोनदा चावली. “सात दिवस. ऑर्डर!”

मामीला कळलं तेव्हा ती आधी रडली, मग कामाला लागली. “त्याच्या समोर बसून बोला. तो बघतोय त्याचंच नाव घ्या. हातांच्या खुणाही सोडू नका. आणि घाई करू नका!”

पहिले दोन दिवस साईराज यंत्रं उपसून फेकायचा. एवढा गलका त्याला सोसेना. मामी म्हणाली, थोडं थोडं वाढवू. तिसऱ्या दिवशी तो कोंबड्यांच्या आवाजाला हसला! आजी शेंगा फोडता फोडता त्याच्याशी बोलू लागली. दिग्विजय तर वैतागला. “सकाळपासून म्हशीला म्हैस म्हणतोय. आता म्हैसच कंटाळली!”

काल्याच्या सकाळी मांडव भरला. “पोराला मागं न्या, मधीच वरडंल,” सप्ताहाचे पुढारी भाऊसो म्हणाले.

“ओरडू दे! तो पुढंच बसणार!” असं म्हणत समीक्षानं पहिल्या रांगेत बैठक मारली. शेजारी टोपी नसलेला साईराज, कानांवर यंत्रं लखलखत.

मृदंग घुमला. साईराजचे डोळे मोठ्ठे झाले. वाजवणाऱ्याच्या हातांवरून त्याची नजर हलेना. शेवटची थाप पडली. कीर्तनकार महाराज बोलणार, एवढ्यात—

“अ-जून!”

सगळा मांडव वळला. बोट मृदंगाकडे, आवाज साईराजचा! सुट्टी काढून आलेल्या मामीनं तोंडावर पदर धरला.

“देवानंच फर्माईश केली की!” महाराज हसले. “वाजवा!”

आबा उठून उभे राहिले. “मंडळी, नापास आमी झालतो, हे पोरगं न्हाई. आमची चूक ह्या तिघांनी पकडली. शाब्बास!” मग समीक्षाकडे वळून म्हणाले, “गुरवारी सांगलीला म्या सोडतो गाडीनं.”

मृदंग पुन्हा थांबला.

“अजून!”

“आवं, वाजवा की! थांबताय कशाला?” आता भाऊसोच ओरडले.

त्या दिवशी काल्याची हंडी अर्धा तास उशिरा फुटली.