दोन हलके, एक जड

डाव्या हाताने टाइप करायला मी बाळंतपणानंतर शिकले. उजवा हात मोकळा असा नसतोच. तो एकतर ठमीच्या मानेखाली असतो, नाहीतर तिच्या पाठीवर. ठमी म्हणजे माझी लेक. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते गाल बघितले की कुणाच्याही तोंडी ठमीच येतं. ती झोपली की माझं ऑफिस उघडतं, ती उठली की बंद होतं. जागा एकच. झोपायची खोली, खिडकीखाली टेबल आणि टेबलाला लागून तिची कठड्याची खाट.

आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याच्या पंपघरांसाठी प्रोग्राम लिहितं. पंपघरांतली मशीनं जुनी आहेत, आणि त्यांच्यावर जी ऑपरेटिंग सिस्टिम चालते ती जाणणारी माणसं एका मोटारीत मावतील. पंपघरवाले ती बदलायला तयार नव्हते. कधी बंद पडलेली नाही, मग बदलायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. ती कधीच बंद पडलेली नव्हती. तेव्हा मला त्याचं फक्त कौतुक वाटलं.

नवा प्रोग्राम मात्र जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला होता.

"जावा कुठेही चालतं म्हणतात ना?" सरांनी फोनवर विचारलं.

"कुठेही म्हणजे जिथे आधी कुणीतरी घाम गाळलाय तिथे, सर."

"मग गाळ की. का दुसऱ्या कुणाला देऊ? तुझ्या मागे लहान बाळ आहे. मी समजू शकतो."

ते 'समजू शकतो' माझ्या डोक्यात गेलं. रजेवरून परतल्यापासून सगळे मला समजून घेत होते आणि समजून घेता घेता एकेक काम काढून घेत होते.

"मशीन घरी पाठवा," मी म्हटलं.

दोन माणसांनी ते उचलून आणलं. शेवाळी रंगाचा पत्र्याचा ठोकळा, पुढे एक हिरवा दिवा. चालू केलं की तापलेल्या धुळीचा वास यायचा आणि आतून बारीक घरघर, लांबून कुणी घोरत असावं तशी.

"ही काय, तिजोरी?" नवऱ्याने विचारलं.

"जावा चालवायचंय हिच्यावर."

"चालेल?"

"न चालून सांगतंय कुणाला!"

"खाटेपासून लांब ठेव हो," सासूबाई म्हणाल्या. पण भिंतीतला प्लग नेमका तिथेच होता, म्हणून ठोकळा टेबलावर खाटेच्या बाजूलाच बसला.

या कामातली गोम अशी, की जावा उभं करायला आधी जावाच लागतं. ज्या मशीनवर ते कधी नव्हतंच, तिथे ते आणायचं तर दुसऱ्या मशीनवर बांधायचं, तुकड्या-तुकड्यांनी उचलून न्यायचं, आणि तिथे गेल्यावर एकेक तुकडा रुसून बसला की त्याची समजूत काढायची. एक चूक दुरुस्त करावी तर तिच्या पोटातून दोन निघायच्या. ठमी दुपटं ओलं करायची, मी ते बदलायचे, परत येऊन बघायचे तर मशीनने नवीन कुरकुर पडद्यावर मांडून ठेवलेली. दोघींचं सारखंच चाललं होतं.

पहिला चाचणीचा प्रोग्राम लिहायचा तर माणसं पडद्यावर एखादं वाक्य छापून बघतात. पण ठमीला थोपटताना मला पडदा दिसायचा नाही, नुसता पुढचा दिवा दिसायचा. म्हणून मी दिवा लुकलुकवणारा प्रोग्राम लिहिला. कुठल्या तालात लुकलुकवायचा? जो ताल हातात होता तोच दिला. दोन हलके, एक जड, मग जरा थांबून परत. माझ्या आईने मला असंच थोपटलं होतं. खाटेशी बसल्या बसल्या मला कळलं असतं, दिवा त्या तालात आहे म्हणजे जावा जिवंत आहे.

आणि एका सकाळी तो लुकलुकला. दोन हलके, एक जड. मी ठमीला उचलून खोलीभर नाचले.

"बघ बघ, तुझ्या आईने काय केलं!"

ठमी दिव्याकडे बघत होती. हसत नव्हती. नुसती बघत होती.

खरी अडचण पुढे आली. दिवा लुकलुकवणं सोपं, पण प्रोग्राम तयार करायची हत्यारं चालवायची तर जावाला स्वतःच्या पोटातून छोटे छोटे प्रोग्राम सोडावे लागतात. प्रत्येकाचा एक पालक असतो, ज्याने त्याला सुरू केलं तो; आणि सुरू झालेलं ते त्याचं पोर. काम झालं की पोर पालकाला कळवतं, पालक त्याची नोंद घेतो आणि विषय संपतो. या सिस्टिमवर मात्र पालकाचं लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं, की पोर त्याचं राहायचं नाही. चालू प्रोग्रामांच्या यादीत ते दुसऱ्याच ओळीखाली जाऊन बसायचं. त्या ओळीत नाव नव्हतं. कधी सुरू झाला ते सांगणारा रकाना रिकामा. आणि जावा आपल्या पोराचा निरोप येईल म्हणून वाट बघत तिथेच गोठून जायचं.

मी तात्यांना फोन लावला. तात्या आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. ही सिस्टिम आतून-बाहेरून माहीत असलेले आमच्यातले ते शेवटचेच.

"ती बिननावाची ओळ कसली, तात्या?"

"ती असतेच."

"बंद करता येते?"

"नाही." लगेच म्हणाले, "एवढी झटापट कशाला करतेस? पालकाने स्वतःच पोर सोडून द्यायचं. एका ओळीचं काम आहे. मग तो सांभाळतो. सगळं सुरळीत चालतं."

"तो म्हणजे?"

"बोलायची पद्धत गं."

मी ती एक ओळ घातली. आणि इतके दिवस अडून बसलेलं सगळं लोण्यासारखं सरकायला लागलं. हत्यारं चालली. एकामागून एक तुकडे तयार व्हायला लागले. मी लहान मुलासारखी खुर्चीत पाय वर घेऊन बघत बसले. टेबलावरचं ऊन भिंतीवर गेलं ते मला कळलंच नाही.

कळलं ते कुडता ओला झाल्यावर. दूध आपोआप सुटलं होतं. छाती ठणकत होती. ठमीची प्यायची वेळ कधीच उलटून गेली होती आणि ती रडली नव्हती.

मी वळले. ती जागी होती. टक्क जागी. तोंड हलत होतं, प्यायल्यासारखं. मध्येच थांबून गळा हलला, घोट गिळल्यासारखा. तिच्या तोंडात काही नव्हतं.

मी तिला उचलून छातीशी धरलं. तिने तोंड फिरवलं. पोट भरलेलं असावं तशी.

मशीनचा दिवा लुकलुकत होता. दोन हलके, एक जड. तो प्रोग्राम मी कधीच बंद केला होता. यादी उघडली. तो होता, बिननावाच्या ओळीखाली. थांबवायची आज्ञा दिली. यादीतून गेला.

दिवा लुकलुकतच राहिला.

"काय गुणी झालीय हो," सासूबाई दारातून म्हणाल्या. "हल्ली रडतच नाही."

"हल्ली म्हणजे, आई?"

"झाले की दिवस. मी डोकावते तर तू कामात आणि ही जागी, गप्प. कुणी थोपटत असल्यासारखी." त्या स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्यांनी खोलीत पाऊल टाकलं नाही.

मी पुन्हा तात्यांना फोन लावला. "हे मशीन तुमच्या घरी होतं का कधी?"

"होतं. बाहेरच्या खोलीत. बरीच वर्षं."

"घरात लहान कुणी होतं?"

पलीकडे कुणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मुलगा," ते म्हणाले. "कधी रडला नाही. आम्हाला किती सोयीचं वाटायचं."

"आता कुठे असतो?"

"घरीच. मोठा झालाय. हाक मारली तर बघत नाही." मग एकदम घाईने, "ती ओळ काढायला जाऊ नकोस हं, पोरी. त्याला सांभाळायची सवय झालीय."

"मलाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ओळ काढली. लगेच सगळं ठप्प झालं. होऊ दे. मशीनचा प्लग ओढून काढावा, ते परत पाठवावं, असाही विचार आला. पण मग ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेलं असतं, कुणीतरी तीच सोपी ओळ घातली असती, आणि कुठल्याशा खोलीत आणखी एक मूल गुणी झालं असतं. शिवाय खरं सांगायचं तर मला राग आला होता. माझ्या घरात, माझ्या लेकीच्या उशाशी बसून मला सांगतोस, सोडून दे?

मी ठमीला ओढणीने पोटाशी बांधलं आणि लिहायला बसले. या खेपेला पालकाला दुसरं कामच दिलं नाही. एक पोर सुरू करायचं आणि त्याच्याकडे बघत राहायचं. आहेस? आहे. आहेस? आहे. त्याचं पूर्ण झालं, की मगच पुढचं.

"अगं, पण हे आधी वेगात चालत होतं म्हणालीस," सर म्हणाले.

"होतं."

"मग?"

"मग काही नाही. तसं माझ्या हातून जाणार नाही. हवं तर द्या दुसऱ्याला."

सरांनी विचारलं, "हळू म्हणजे किती हळू?"

"पंपाला घाई नसते, सर."

भर दुपारी ते चालवलं. खिडकी उघडी होती, खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. पहिलं पोर सुरू झालं. यादीत माझ्या प्रोग्रामच्या ओळीखाली बसलं. बिननावाची ओळ तळाशी होती.

यादी पुन्हा बघितली. ती एक घर वर आली होती.

पुन्हा बघितली. आणखी वर.

दिवा लुकलुकायला लागला. घरघर वाढली. तापलेल्या धुळीच्या वासात दुसरा एक वास मिसळला. दुधाचा. माझ्या दुधाचा नव्हे.

ओढणीत ठमी ताठ झाली. तिची मान वळायला लागली, मशीनकडे, तिच्या वयाचं बाळ वळवेल त्याहून जास्त.

मी तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे आणलं. "इकडे. आई इकडे आहे."

यादीतलं पोर बिननावाच्या ओळीखाली गेलं.

आहेस?

परत माझ्या ओळीखाली आलं.

पुन्हा गेलं.

"सोड," मी मोठ्याने म्हटलं.

"कुणाशी बोलतेस गं?" सासूबाई दारात होत्या.

"सोड म्हणते ना! माझं आहे ते."

आहेस?

आहे.

पडद्यावर शेवटचं वाक्य उमटलं. सगळं पूर्ण, चूक एकही नाही.

आणि ठमीने भोकाड पसरलं. असा भोंगा, की खालचा सायकलवाला वर बघायला लागला. सासूबाई आत धावल्या, "अगं बाई, काय झालं!" मी हसत होते आणि रडतही होते. "भूक लागलीय हो तिला. भूक लागलीय!" ती रागारागाने प्यायली. चावलीसुद्धा.

मी प्लग ओढला. दिवा विझला.

मशीन पंपघरात गेलं. तिथे जावा चालतंय, हळू, पण चालतंय. पालकाने पोराकडे बघत राहायची ती ओळ माझीच आहे आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत ताकीद लिहिलीय, की वेग वाढवायला कुणी हात लावू नये. सरांनी पुढचं काम न विचारता दिलं. तात्यांना मी अधूनमधून फोन करते. उचलत नाहीत.

टेबलावर ठोकळ्याच्या आकाराचा एक चौकोन राहिलाय, उन्हाने रंग न उडालेला.

आज दुपारी ठमी लवकर झोपली. मी थोपटत होते. डोळा लागला म्हणून हात काढला आणि लॅपटॉप ओढला.

दुलईवर खळगा पडला. हलका. पुन्हा हलका. मग जड.

माझा हात लॅपटॉपवर होता.

झोपेतच तिची मान रिकाम्या टेबलाकडे वळायला लागली. मी हात तिच्या पाठीवर ठेवला, तिथेच, त्या खळग्यावर. तळव्याखाली क्षणभर काहीतरी होतं. कोमट. मग ते सरकलं. मान परत माझ्याकडे आली.

हे मी डाव्या हाताने लिहितेय. सासूबाई दोनदा चहाला हाक मारून गेल्या. चहा निवू दे. उजवा हात तिच्या पाठीवर आहे आणि मी तो उचलणार नाहीये.

दुलईवर खळगा अजून पडतोय, माझ्या हाताच्या शेजारी. कधी या बाजूला, कधी त्या. दोन हलके, एक जड. जागा शोधत असल्यासारखा.