आउलिवच्या समासातल्या ओळी

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दिवसाची आहे.

पोथ्या उतरवणारी माणसं दिवसाच लिहितात. मेणबत्ती कुणाला परवडणार?

आणि ही खरी आहे. माझ्या आईच्या आजोबांच्या बाबतीत घडलेली. त्यांचं नाव फिनीन ओ'स्कॅनिल. मरायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी ती आपल्या मुलीला सांगितली, नापलाला. नापलाने माझ्या आईला. दोघींनीही त्यात पदरचं काही घातलं नाही, कारण दोघींनाही ती सांगायला आवडत नव्हती.

जागा आमचीच. कॉर्कच्या पश्चिमेचं कूमरूचं खोरं. साल अठराशे सत्तेचाळीस. फेब्रुवारीची चार तारीख, गुरुवार.

बटाटा सलग दुसऱ्या वर्षी शेतात काळा पडला होता. आधी भूक आली. मागोमाग ताप आला.

फिनीन मास्तर होता. उघड्यावर, बांधाआड भरणाऱ्या शाळेत पोरांना आयरिश आणि थोडं लॅटिन शिकवायचा. हिवाळ्यात जुन्या पोथ्या उतरवून काढायचा. त्या जानेवारीत शाळेत एकही पोर उरलं नाही. काही गाव सोडून गेली होती. बाकीची कुठे गेली, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

खोऱ्यात पोथ्या लिहिणारा आणखी एकच माणूस होता. आउलिव ओ'बुहल्ला. वर टेकडीवर एकटा राहायचा. बायको ना मूल. बारा हिवाळे तो एकच पोथी लिहीत होता. घराण्यांच्या वंशावळी, जुन्या कविता, संतांच्या कथा, सगळं एका ठिकाणी. त्याचं अक्षर तीन परगण्यांत ओळखलं जायचं. उभं, काळंभोर, आणि प्रत्येक अक्षराची शेपटी डावीकडे वळलेली.

जत्रेत दोघं भेटले की आउलिव सगळ्यांसमोर म्हणायचा, "मास्तर, तुझी पोथी पाहिली हं. छान आहे. कोंबडीला शाईत बुडवून सोडलंस की काय?"

लोक हसायचे. फिनीनही हसायचा. आणि घरी येऊन दोन दिवस बायकोशी बोलायचा नाही.

जानेवारीच्या मध्यावर फिनीन टेकडीवरून जळणासाठी दलदलीतल्या मातीची वाळलेली ढेकळं घेऊन येत होता. वाट आउलिवच्या दारावरूनच जाते. दार बंद. धुराड्यातून धूर नाही.

आतून आवाज आला...

"फिनीन... पाणी."

फिनीनची पावलं ओळखीची होती. आउलिवने न बघता ओळखली.

फिनीन थांबला. घरात बायको गोबनेट होती. चार वर्षांची नापला होती. तापाच्या घरात पाऊल टाकलेला माणूस ताप घेऊनच परत येतो, हे पोरासोरांनाही माहीत होतं.

"फिनीन..."

तो चालू लागला.

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही.

तीन आठवडे गेले. मग कॉर्क शहरातून एका डॉक्टरांचं पत्र आलं. त्यांना जुन्या पोथ्यांचा नाद होता. आउलिवच्या पोथीची नक्कल करून द्या, मक्याच्या पिठाची दोन पोती पाठवतो, असं त्यांनी लिहिलं होतं.

दोन पोती म्हणजे नापला उन्हाळा बघणार होती.

म्हणून चार फेब्रुवारीला, दुपारी, फिनीन टेकडी चढला.

दार ढकललं. आत थंडी, आणि तो वास. आउलिव भिंतीशी गवतावर पडला होता. डोळे उघडे. उजवा हात बाहेर लोंबत होता. मरून बरेच दिवस झाले होते, हे सांगायला कुणी नको होतं.

फिनीनने त्याच्या तोंडावर घोंगडी ओढली. टेबलावर बकऱ्याच्या कातड्यात गुंडाळलेली पोथी होती. ती कोटाच्या आत काखेत मारली आणि तो बाहेर पडला.

खालच्या वळणावर शेजारी कॉर्मक भेटला. बेवारस मेलेल्यांना माती द्यायचं काम तोच करायचा.

"काय मास्तर, वर कुठे गेला होतात? आउलिव म्हाताऱ्याचं काही कळलं का?"

"नाही," फिनीन म्हणाला. "दार बंद आहे."

तापाच्या घरातून आलो म्हटलं असतं, तर त्याच्याच दाराला कुणी शिवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसून त्याने नक्कल सुरू केली.

जुन्या लेखकांची एक खोड असते. मजकूर आत, आणि समासात मनातलं काहीबाही. 'शाई पातळ झाली.' 'आज बोटं वळत नाहीत.' आउलिवही तसंच करायचा. वर तारीख घालून.

फिनीन वाचत होता, उतरवत होता. शेवटच्या पानांकडे त्याची नजर अशीच गेली.

'१४ जानेवारी. आज फिनीन दारावरून गेला. दोनदा हाक मारली.'

बस्स. एवढंच.

फिनीनच्या हातातली लेखणी थांबली. तेव्हा जिवंत होता बिचारा, त्याने स्वतःला समजावलं. सरपटत टेबलापर्यंत गेला असेल. लिहिलं असेल. होतं असं.

त्याने पान उलटलं.

'४ फेब्रुवारी. फिनीन आत आला. तोंडावर घोंगडी टाकली. पोथी नेली.'

...

तीच उभी, काळीभोर अक्षरं. तीच डावीकडे वळलेली शेपटी.

त्याने बोट टेकवलं. बोटाला शाई लागली.

त्या दिवशी त्याने पोथी मिटली. गोबनेटला काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याची बादली रिकामी व्हायला लागली.

गोबनेट सकाळी ओढ्यावरून भरून आणायची. दुपारी बघावं तर कोरडी. तळाशी थेंब नाही. जमीन ओली नाही.

"नापला, तू सांडलंस?"

"नाही गं आई."

"मग कोण पितंय एवढं?"

फिनीन खाली मान घालून लिहीत राहिला.

मग आवाज.

चौथ्या दिवशी तो बाहेर जळण रचत होता. दोन्ही हात भरलेले. गोबनेट दारात आली.

"अरे, तू इथे?"

"मग कुठे असणार?"

"आत लेखणी चालल्यासारखी वाटली. मी म्हटलं, बसलाय लिहायला." तिने मान आत वळवली. मग हळूच म्हणाली, "फिनीन... आत्ताही चालू आहे."

दोघं कान देऊन उभे राहिले.

कर्र... कर्र... थांबली. शाईत बुडवायला थांबते तशी. पुन्हा कर्र...

फिनीन धावत आत गेला. टेबलाशी कुणी नव्हतं. नापला कोपऱ्यात झोपली होती. पोथी उघडी होती.

'९ फेब्रुवारी. मास्तरच्या घरात ऊब आहे.'

खरी भीती मात्र त्याला त्यानंतर दोन दिवसांनी वाटली.

गोबनेटला वाचता येत नव्हतं. ती टेबल पुसायला आली. आउलिवची पोथी डावीकडे, नक्कल उजवीकडे. ती बघतच राहिली.

"यातलं तुझं कुठलं रे?"

"म्हणजे काय? हे."

"कालपर्यंत मला कळायचं. तुझी अक्षरं बसकी असतात. आता दोन्ही एकाच माणसाची दिसतात."

फिनीनने आपलं पान उचललं. खिडकीशी धरलं.

पहिली दहा पानं त्याची होती. पुढे हळूहळू अक्षर उभं होत गेलं होतं. शेपट्या वळत गेल्या होत्या. शेवटच्या पानावर फिनीन कुठेच नव्हता.

त्याने नवा कागद घेतला. स्वतःचं नाव लिहिलं. मुद्दाम, सावकाश, जसं आयुष्यभर लिहिलं तसं.

कागदावर आउलिवचं अक्षर उमटलं.

तेव्हा तो जमिनीवर बसला आणि त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती हाक. ती घोंगडी. कॉर्मकला मारलेली थाप.



"तू थांबला नाहीस, ते मी समजू शकते," गोबनेट म्हणाली. "मीही थांबले नसते. पोर आहे आपल्याला. पण मेलेल्या माणसाला आठवडाभर तसंच ठेवलंस? आणि त्याची पोथी खिडकीत मांडून बसलास?"

"घाबरलो होतो गं."

"आता घाबरलेला नाहीस होय? ऊठ. कॉर्मकला बोलाव."

तिघं भर दुपारी वर गेले. घराचं दार बिजागरीतून काढलं आणि त्यावरच आउलिवला ठेवलं. शवपेट्या केव्हाच संपल्या होत्या.

हात छातीवर जुळवायला कॉर्मक वाकला आणि झटकन मागे झाला.

"मास्तर... हे बघा."

उजव्या हाताची तीन बोटं काळी होती. शाईने. कॉर्मकने गवताने पुसायला घेतलं. गवत काळं झालं.

"तीन आठवडे झाले असतील याला मरून," कॉर्मक म्हणाला. "मी रोज प्रेतं उचलतो, मास्तर. मला कळतं. ही शाई ओली कशी?"

फिनीनने तो हात छातीवर जुळवला.

त्यांनी त्याला चर्चच्या आवारात पुरलं. प्रार्थना म्हटली. गोबनेटने घरून मगभर पाणी नेलं होतं. तिने ते मातीवर ओतलं. "पी बाबा," म्हणाली. "उशीर झाला आमच्याकडून."

माती पाणी प्यायली. थेंबही वर राहिला नाही.

त्यानंतर बादली कधी रिकामी झाली नाही. लेखणीचा आवाज आला नाही. समासात नवी ओळ उमटली नाही. ताप त्यांच्या घरात आलाच नाही. नक्कल पुरी झाली, पीठ आलं, नापला जगली. ती जगली म्हणून मी आहे.

डॉक्टरांचं पत्रही आलं. त्यांनी लिहिलं होतं, 'आपण मूळ पोथीच पाठवलीत, नक्कल स्वतःकडे ठेवलीत, असं दिसतं. आभारी आहे.'

फिनीनचं अक्षर मात्र परत आलं नाही.

वर्षभर त्याने प्रयत्न केला. डाव्या हाताने लिहून पाहिलं. कोळशाने लिहून पाहिलं. राखेत बोटाने लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच. उभं, काळंभोर.

एके दिवशी त्याने सगळ्या लेखण्या चुलीत घातल्या. मास्तरकी सोडली. दुसऱ्यांची गुरं राखू लागला. लोकांनी विचारलं, तर म्हणायचा, "डोळे गेले." गोबनेट त्याच्या होला हो म्हणायची. तिला माहीत होतं, त्याला दरीपलीकडची मेंढरं मोजता येत होती.

एकोणीस वर्षांनी नापलाचं लग्न झालं. पाद्रीबाबांनी वही पुढे केली. साक्षीदार म्हणून मुलीच्या बापाची सही हवी होती.

"मला लिहिता येत नाही," फिनीन म्हणाला.

चर्चमधल्या अर्ध्या माणसांना त्यानेच अक्षरं शिकवली होती.  पाद्रीबाबा म्हणाले, "मग फुली मारा."

त्याने फुली मारली.

मी ती वही पाहिली आहे. गेल्या वर्षी, मुद्दाम जाऊन. पान पिवळं पडलंय. नापलाचं नाव आहे, तिच्या नवऱ्याचं आहे, आणि खाली फुली.

पहिली रेघ सरळ आहे. थरथरती, पण सरळ.

दुसरी रेघ अर्ध्यापर्यंत सरळ येते. मग तिचं टोक डावीकडे वळतं... आणि तिथे कागद फाटलाय. कुणीतरी जोर लावून हात मागे ओढावा, तसा.

वही मिटून मी बाहेर आलो. घरी परतायची सरळ वाट टेकडीवरून आहे. मी रस्त्याने आलो.